पांढरी बाराबंदी फोटोत पांढरीच दिसावी म्हणून

गड्ड्यात, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, नंदीध्वजांचे (मिरवणुकीतल्या उंच काठ्यांचे) फोटो काढून पहिल्या वर्षी घरी आलो, तर निम्म्या बाराबंद्या (मानकऱ्यांचे बंदांचे पांढरे अंगरखे) मळकट राखाडी आणि उरलेल्या इतक्या जळालेल्या, म्हणजे जास्त उजेडाने नुसत्या पांढऱ्याफटक, की बंद दिसेनात, चुण्याही दिसेनात. ऊन तेच, कॅमेरा तोच.

दोष कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचा नव्हता, माझा होता. मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतं. चौकट पांढऱ्या कपड्यांनी भरली की ते उजेड कमी करतं. सावलीतल्या गर्दीत एकाच मानकऱ्यावर ऊन पडलं असेल, तर काळोख बघून वाढवतं.

आधी घरी एक प्रयोग करा. सोलापूरच्या घरात पांढरा टॉवेल असतोच. तो भर उन्हात गच्चीवर टाका. मीटरिंग स्पॉट (चौकटीतल्या छोट्या ठिपक्यापुरतंच मोजणारं), मोड मॅन्युअल, फाइल रॉ (सेन्सरची मूळ नोंद). (स्पॉट मधोमध आहे की फोकसबिंदूबरोबर सरकतो, तेही बघून घ्या.) टॉवेलवर मीटर शून्यावर आणा आणि तिथून एकतृतीयांश स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) शटर हळू करत +४ पर्यंत फोटो काढा. मग संगणकावर रॉ फाइल उघडून एक्स्पोजर खाली ओढा. टॉवेलचे टाके कुठवर परत येतात? ज्या आकड्यानंतर येत नाहीत, ती तुमच्या सेन्सरची हद्द. सुरुवातीला +२ धरा. बऱ्याच कॅमेऱ्यांत त्याहून थोडी जागा निघते.

मिरवणुकीत उन्हातल्या बाराबंदीवर स्पॉट धरायचा, आपल्या हद्दीच्या किंचित अलीकडे थांबायचं, आणि ऊन बदलेपर्यंत एक्स्पोजरला हात लावायचा नाही. चेहरे काळपट वाटले तरी घाबरू नका, ते नंतर उचलता येतात. १४ बिटच्या रॉमध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, त्यातल्या निम्म्या सर्वांत उजळ एका स्टॉपमध्ये. म्हणून उजेड जमेल तितका भरून घ्यायचा. पण एकदा जळालेलं कापड कुठलंही सॉफ्टवेअर विणून देत नाही.

स्क्रीनवरचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) जेपेगवरून, म्हणजे कॅमेऱ्याने तयार केलेल्या चित्रावरून काढलेला असतो, त्यामुळे रॉ शाबूत असतानाही तो जळाल्याचं दाखवून घाबरवतो. पिक्चर स्टाइल न्यूट्रल ठेवली की जरा खरं बोलतो.

रात्री दिवे जळाले तर जळू द्या, मीटरिंग चेहऱ्यांवर करा. होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाला मात्र मीटरचा उपयोग शून्य. तिथे ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ८ किंवा ११, शटर २ ते ४ सेकंद. धूर साचायच्या आत, पहिल्या काही मिनिटांतच काढून घ्या.