राजस्थान फिरायचंय? मग पाण्याच्या मागे मागे जा

राजस्थानला जायचं ठरलं की लोक आधी किल्ल्यांची लिस्ट काढतात, आणि किल्ले बघाच, पण हे राज्य खरंच समजून घ्यायचं असेल तर माझं एकच सांगणं आहे, जिथं पोचाल तिथं पहिल्यांदा विचारा की इथं पाणी कुठून यायचं. त्या एका प्रश्नात जमीनही कळते, जुन्या लोकांचं डोकंही कळतं आणि माणसं पोट कसं भरतात तेही.

निघण्याआधी नकाशा उघडा. ३,४२,२३९ चौरस किलोमीटर, देशातलं सगळ्यात मोठं राज्य, त्यात तिरपी गेलेली अरवलीची रांग शोधा. सह्याद्री वाऱ्याला आडवा उभा राहतो म्हणून कोकणात पाऊस धो धो कोसळतो, अरवली मात्र अरबी समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला समांतर, त्यामुळे ढग बाजूने निघून जातात. रांगेच्या पश्चिमेला थर, पूर्वेला चंबळ-बनासचा बऱ्यापैकी हिरवा भाग, म्हणजे सगळीकडे वाळूच असणार ही कल्पना इथंच सोडा.

ट्रिप नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवा आणि पूर्वेकडून पश्चिमेला जा, म्हणजे पाणी कमी कमी होत जाताना दिसतं. सुरुवात आभानेरी गावातल्या चांद बावडीपासून करा, बावडी म्हणजे पायऱ्यांची विहीर, १३ मजले आणि जवळपास ३,५०० पायऱ्या. फोटो सगळेच काढतात, पण एवढ्या पायऱ्या कशाला ते बघा, उन्हाळ्यात पाणी जसं खाली जाईल तसं माणसाला त्याच्यापर्यंत उतरता यायला हवं ना.

जोधपूरला मेहरानगड बघून झाला की पायथ्याचे राणीसर आणि पदमसर तलाव चुकवू नका. आणि अर्धा दिवस खेजडली गावासाठी काढाच. १७३० मध्ये राजाची माणसं खेजडीची झाडं तोडायला आली तेव्हा अमृतादेवीसह बिश्नोई समाजातले ३६३ जण झाडांना मिठी मारून मेले. एका झाडासाठी जीव का द्यावा असं वाटत असेल तर खेजडीचा हिशोब समजून घ्या, दुष्काळातही हिरवी राहते, पाला जनावरांना, सावलीत बाजरी येते आणि शेंगा म्हणजे सांगरी, ती वाळवून वर्षभर टिकते. ताटातली केर-सांगरी (केर म्हणजे रानझुडपाची छोटी फळं) काय किंवा बेसनाच्या गट्ट्यांची भाजी काय, ताजी भाजी पिकवायला पाणी नाही त्यातून हे पदार्थ आलेत.

जैसलमेरला जास्त दिवस द्या. किल्ल्यात अजून लोक राहतात, पण मुक्काम किल्ल्याबाहेरच्या हॉटेलात करा, हे मी अगदी कळकळीने सांगतोय, कारण आतल्या नळांचं नि बाथरूमचं पाणी पायात मुरून तटबंदी खचतेय, बांधणाऱ्यांनी एवढं पाणी धरलंच नव्हतं. मग शहराबाहेर खडीन बघायला जा. उतारावरून येणारं पावसाचं पाणी लांब मातीच्या बांधाने अडवायचं, ते जिरू द्यायचं आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचा. पालीवाल ब्राह्मणांची ही विद्या, त्यांचं ओस पडलेलं कुलधरा गाव लोक भुताच्या गोष्टींसाठी बघतात, मला तरी ते फार चुकीचं वाटतं, एवढ्या कमी पावसात गव्हाचं पीक काढणारी माणसं होती ती.

आता नवीन राजस्थान. पंजाबातल्या हरिकेहून निघणाऱ्या इंदिरा गांधी कालव्याचं काम १९५८ मध्ये सुरू झालं आणि जिथं बाजरी, मोठ म्हणजे मटकी, गवार एवढंच होतं तिथं कापूस आणि गहू आला, काही ठिकाणी मात्र पाणी साचून जमीन खारावली. भडल्याला तर २,२४५ मेगावॉटचा सोलर पार्क आहे. वाटेत ओरण दिसलं, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, तर थांबून एखाद्या उंट पाळणाऱ्या राईकाशी बोला, चराई कमी होत चाललीय हे त्याच्याइतकं नीट कोणी सांगणार नाही.

संध्याकाळी मांगणियार कलाकारांचं गाणं ऐका, रिसॉर्टच्या गोंगाटात नको, त्यांचं 'कमायचा' हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य जवळ बसून ऐकायचं असतं, आणि पैसे थेट त्यांच्या हातात द्या. आणि एखाद्या ढाणीवर, म्हणजे छोट्या वस्तीवर, कोणी पाणी विचारलं तर हवं तेवढंच घ्या, उरलेलं फेकू नका, ते कदाचित गेल्या पावसाळ्यात जमिनीखालच्या टाक्यात साठवलेलं असेल.