मानवतावादी संस्थेत मनुष्यबळ विभागाने कर्मचाऱ्यांशी संवाद कसा राखावा

मुख्यालयातून परिपत्रक ईमेलने रवाना झाले की आपले काम झाले, असे मनुष्यबळ विभागाला सहज वाटून जाते. पण चालक, पहारेकरी, गोदामातले हमाल, छावणीत घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविका आणि वाटपाच्या दिवशी रोजंदारीवर येणारे मदतनीस यांच्यापैकी अनेकांकडे संस्थेचा ईमेल पत्ताच नसतो. जगभरच्या मदतकार्यात बहुसंख्य कर्मचारी त्या त्या देशातलेच असतात आणि हल्ल्यांत बळी पडणाऱ्यांतही तेच सर्वाधिक असतात. कराराची मुदत, विम्याचे संरक्षण किंवा तळ हलवण्याचा निर्णय यांची बातमी ज्यांना सर्वांत आधी मिळायला हवी, त्यांच्यापर्यंत ती सर्वांत शेवटी, आणि तीही अफवेच्या रूपाने पोहोचते. म्हणून प्रत्येक सूचना तयार करताना सर्वांत दूरच्या तळावरचा, सर्वांत कमी मुदतीच्या करारावरचा माणूस डोळ्यांसमोर ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

आधी यादी, मग मजकूर

पहिले काम लिहिण्याचे नसून मोजण्याचे आहे. प्रत्येक तळावर किती माणसे काम करतात, त्यांच्या कराराचा प्रकार कोणता, ती कोणती भाषा बोलतात आणि कोणती वाचतात, त्यांच्याकडे साधा फोन आहे की स्मार्टफोन, नेटवर्क दिवसातून किती वेळ असते आणि त्यांच्याशी रोज समोरासमोर बोलणारा पर्यवेक्षक कोण, एवढी माहिती एका तक्त्यात भरावी. बोलण्याची आणि वाचण्याची भाषा वेगळी नोंदवणे महत्त्वाचे आहे, कारण एखादी भाषा सफाईने बोलणाऱ्याला तिची लिपी वाचता येईलच असे नाही. या तक्त्यात स्वयंसेवक, दुसऱ्या संस्थेकडून काही काळासाठी आलेले सहकारी आणि कंत्राटदारामार्फत नेमलेले पहारेकरी व सफाई कर्मचारी यांनाही जागा द्यावी. त्यांचा पगार आपण थेट देत नसलो, तरी तळ रिकामा करण्याची वेळ येते तेव्हा तेही त्याच फाटकाच्या आत असतात.

तक्ता भरल्यावर मार्ग आपोआप सुचतात. जिथे सगळे सकाळी गाड्या निघण्यापूर्वी एकत्र जमतात, तिथे त्या दहा मिनिटांच्या बैठकीइतके चांगले साधन नाही. वाचता न येणाऱ्यांसाठी त्यांच्या भाषेतला ध्वनिसंदेश उपयोगी पडतो. सूचना फलक जुना वाटला, तरी पगाराची तारीख, सुट्ट्या आणि तक्रारीचा फोन क्रमांक यांसाठी तो उत्तम आहे. मात्र त्यावरचे जुने कागद दर आठवड्याला काढण्याची जबाबदारी एका नेमक्या व्यक्तीकडे हवी. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आठवण करून देण्यासाठी वापरावा, पण करारावर परिणाम करणारा कोणताही निर्णय तिथे पहिल्यांदा जाहीर करू नये.

कोणाच्या नावाने आणि कोणत्या क्रमाने

एकाच विषयावर मुख्यालय, देश कार्यालय आणि प्रकल्प व्यवस्थापक यांची तीन वेगवेगळी पत्रे आली, की कर्मचारी तिन्हींवरचा विश्वास गमावतात. प्रत्येक प्रकारच्या संदेशाचा एकच मालक ठरवून तसे लेखी नोंदवावे. सुरक्षेचा इशारा सुरक्षा अधिकाऱ्याने द्यावा, आणि मनुष्यबळ विभागाने त्यासाठी आज कोण कुठे आहे याची ताजी यादी पुरवावी. पगार, रजा, विमा आणि करार यांविषयी मनुष्यबळ विभागाने बोलावे. निधी, पुनर्रचना किंवा प्रकल्प बंद होण्याची बातमी देशप्रमुखाने स्वतःच्या नावाने द्यावी, कारण अशा वेळी बिनसहीचे परिपत्रक पाठवणे हे तोंड लपवण्यासारखे दिसते.

पर्यवेक्षकांना सूचना इतरांबरोबर मिळू नये. आदल्या दिवशी मिळावी, आणि सोबत अपेक्षित प्रश्नांची व त्यांच्या उत्तरांची एक पानभर टिपणी असावी. कर्मचारी आपला पहिला प्रश्न विभागाला विचारत नाही, तो शेजारच्या वरिष्ठाला विचारतो. त्या वरिष्ठाने ‘मलाही आत्ताच कळले’ असे उत्तर दिले, तर चांगल्या मजकुरावर घेतलेले सगळे कष्ट वाया जातात. फुटण्याचा धोका असलेल्या बातमीसाठी हे अंतर काही तासांवर आणावे, पण शून्यावर नको.

सूचना कशी लिहावी

काय बदलले, कोणाला लागू आहे, केव्हापासून, कर्मचाऱ्याने काय करायचे, केले नाही तर काय होईल आणि कोणाला विचारायचे, या सहा प्रश्नांची उत्तरे पहिल्या परिच्छेदातच मिळाली पाहिजेत. एक मसुदा पाहा : ‘लाभविषयक धोरणाच्या पुनर्विलोकनाच्या अनुषंगाने वैद्यकीय संरक्षणाच्या व्याप्तीत योग्य ते बदल करण्यात येत असून संबंधितांनी नोंद घ्यावी.’ हे वाचून कोणीही काहीही करू शकत नाही, उलट आपला विमा गेला की काय अशी धास्ती मात्र घेतो. तीच गोष्ट अशी लिहिता येते : ‘1 एप्रिलपासून तुमच्या आरोग्य विम्यात तुमच्या आईवडिलांचाही समावेश होईल. मासिक करारावरील सर्वांना हे लागू आहे. रोजंदारीवरील सहकाऱ्यांना सध्या लागू नाही. आईवडिलांची नावे व जन्मतारखा 20 मार्चपर्यंत तळावरील प्रशासन साहाय्यकाकडे द्याव्यात. नावे दिली नाहीत, तरी तुमचा सध्याचा विमा आहे तसाच चालू राहील. काही विचारायचे असल्यास दुपारी 2 ते 4 या वेळेत मनुष्यबळ विभागाला फोन करावा.’ रोजंदारीवरील सहकाऱ्यांना लाभ मिळणार नाही हे वाक्य लिहिताना हात अडखळतो, पण ते गाळले तर तोच माणूस 20 मार्चला कागद घेऊन रांगेत उभा राहतो आणि सगळ्यांसमोर परत पाठवला जातो.

भाषांतराला स्वतंत्र वेळ राखून ठेवावा. ‘निलंबन’ आणि ‘बडतर्फी’, ‘करार संपणे’ आणि ‘करार रद्द करणे’, ‘भत्ता’ आणि ‘पगार’ यांतला फरक अनेक भाषांत सहज पुसला जातो, आणि अशा एका शब्दावरून न्यायालयापर्यंत वाद जाऊ शकतो. अशा पन्नास-साठ शब्दांचा प्रत्येक कार्यालयीन भाषेतला कोश एकदा तयार करून सर्वांनी तोच वापरावा. महत्त्वाच्या मजकुराचे भाषांतर, मूळ न पाहिलेल्या सहकाऱ्याकडून पुन्हा मूळ भाषेत करून घेऊन ताडून पाहावे. गफलत असेल तर ती तिथेच सापडते. सर्व भाषांतील प्रती एकाच वेळी बाहेर पडाव्यात. मुख्य भाषेतली प्रत आज आणि इतर भाषांतल्या प्रती पुढच्या आठवड्यात, असे घडले, की कोणाला दुय्यम मानले जाते हे संस्थेने न बोलता सांगितलेले असते.

नोकरी जाण्याची बातमी

मदतसंस्थांचे बहुतेक करार देणगीदारांच्या निधीला बांधलेले असतात, त्यामुळे ही वेळ प्रत्येक संस्थेवर येते. 20 जानेवारी 2025 रोजी अमेरिकेने परदेशी मदत 90 दिवस स्थगित करण्याचा आदेश काढला. त्यानंतर काही दिवसांतच अनेक देशांतल्या प्रकल्पांना काम थांबवण्याची पत्रे मिळाली आणि असंख्य कर्मचारी कमी करावे लागले. एवढ्या घाईत संवादाची पद्धत नव्याने ठरवता येत नाही. ती आधीच लिहून ठेवलेली असावी लागते.

क्रम असा ठेवावा. ज्यांची नोकरी जाणार आहे त्यांना प्रथम, एकेकट्याने, समोरासमोर किंवा निदान फोनवर सांगावे. त्याच दिवशी त्यांच्या चमूला, आणि त्यानंतर सर्व कर्मचाऱ्यांना. भागीदार संस्थांना आणि बाहेरच्या जगाला सर्वांत शेवटी कळवावे. एका तळावरच्या लोकांना सकाळी आणि दुसऱ्यांना दोन दिवसांनी कळले, तर त्या दोन दिवसांत दुसऱ्या तळावर काम होत नाही, फक्त फोन होतात. बोलायला बसण्यापूर्वी त्या व्यक्तीचा शेवटचा दिवस, नोटिशीच्या काळातील पगार, शिल्लक रजेचे पैसे, विमा संपण्याची तारीख, अनुभवाचे प्रमाणपत्र आणि घरापासून दूर नेमणूक असल्यास परतीच्या प्रवासाचा खर्च, या सगळ्यांची उत्तरे लेखी तयार असावीत. हे आकडे तयार नसतील, तर बातमी द्यायला अर्धा दिवस उशीर झालेला परवडतो.

संभाषणात दुर्दैवी निर्णय वाक्याच्या शेवटापर्यंत लांबवू नये. ‘निधी थांबल्यामुळे तुमचे पद 31 तारखेला संपत आहे’ हे वाक्य पहिल्या मिनिटात यावे आणि त्यानंतर समोरच्याला बोलू द्यावे. ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ असे या प्रसंगी मुळीच म्हणू नये, कारण कुटुंबातून नोटीस देऊन कोणाला काढत नाहीत आणि ऐकणाऱ्याला ते लागते. निर्णय अजून झालेला नसेल, तर तो कोणत्या तारखेला होणार हे सांगावे आणि त्या तारखेला काही नवे नसले तरी तेवढेच कळवावे. दिलेली तारीख मौनात निघून जाणे हे वाईट बातमीपेक्षा अधिक नुकसान करते. राहिलेल्या कर्मचाऱ्यांशीही बोलावे लागते. आता कोणाचे काम कोणाकडे गेले हे त्यांना स्पष्ट सांगितले नाही, तर तो भार गुपचूप वाटला जातो आणि काही महिन्यांत राजीनामे येऊ लागतात.

मृत्यू, अपहरण, गंभीर दुखापत

19 ऑगस्ट 2003 रोजी बगदादमधील कॅनल हॉटेलातल्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयावर बॉम्बहल्ला झाला आणि महासचिवांचे इराकमधील विशेष प्रतिनिधी सर्जिओ व्हिएरा द मेलो यांच्यासह 22 जण मारले गेले. तोच दिवस आता जागतिक मानवतावादी दिन म्हणून पाळला जातो. अशा प्रसंगी एक नियम इतर सर्व नियमांच्या वर आहे : कुटुंबाला सर्वांत आधी कळले पाहिजे, आणि ते ओळखीच्या माणसाकडून, शक्यतो घरी जाऊन. त्यासाठी तातडीच्या संपर्काची माहिती खरोखर ताजी हवी. नेमणुकीच्या वेळी भरलेला फॉर्म पाच वर्षांनी निरुपयोगी ठरतो; दर सहा महिन्यांनी ही माहिती तपासावी आणि बातमी प्रथम कोणाला द्यायची, कोणाला देऊ नये, हेही विचारून ठेवावे. खात्री होऊन कुटुंबाला कळेपर्यंत नाव कोणत्याही ग्रुपवर जाऊ नये, हे सर्वांना शांततेच्या काळातच समजावून सांगितलेले असावे. त्यानंतर सहकाऱ्यांना कळवताना नाव, काय घडले याचा खात्रीचा तेवढाच भाग, समुपदेशन कुठे मिळेल आणि पुढची माहिती केव्हा दिली जाईल, एवढे पुरे असते.

धोक्याची माहिती आधी देणे हाही याच कामाचा भाग आहे. 2012 मध्ये केनियातील दादाब निर्वासित छावण्यांत एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ताफ्यावर हल्ला होऊन चालक मारला गेला आणि चार कर्मचाऱ्यांचे अपहरण झाले. त्यांच्यापैकी एकाने दाखल केलेल्या दाव्यात ओस्लोच्या न्यायालयाने 2015 मध्ये संस्थेला घोर निष्काळजीपणाबद्दल जबाबदार ठरवले. या निकालानंतर मदतसंस्थांमध्ये, धोका समजून घेऊन दिलेल्या संमतीची चर्चा गंभीरपणे होऊ लागली. नेमणुकीच्या पत्राला जोडलेल्या कागदावर सही घेणे म्हणजे संमती नव्हे. ठिकाणाचे धोके, संस्था काय करेल आणि काय करू शकणार नाही, आणि नकार दिल्यास नोकरीवर परिणाम होणार नाही, हे तोंडी सांगून प्रश्नांना वेळ द्यावा. चालकांना हे सांगणे बहुधा राहून जाते, आणि गाडीत सर्वांत पुढे तेच बसलेले असतात.

तक्रारी आणि गोपनीयता

लैंगिक शोषण व अत्याचार रोखण्याची सहा मूलतत्त्वे मदतसंस्थांच्या आंतरसंस्था स्थायी समितीने 2002 मध्ये मांडली आणि 2003 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी या विषयावर नियमपत्रक काढले. पैसा, नोकरी, वस्तू किंवा मदत यांच्या बदल्यात लैंगिक संबंध, तसेच 18 वर्षांखालील व्यक्तीशी लैंगिक संबंध, यांना पूर्ण बंदी आहे आणि संशय आल्यास कळवणे हे कर्मचाऱ्याचे कर्तव्य आहे. हे नियम भित्तिपत्रकावर बहुतेक ठिकाणी दिसतात. दिसत नाही ते पुढचे. तक्रार कोण वाचतो, किती दिवसांत पोच मिळते, नाव कोणाला कळते, तक्रार स्वतःच्या वरिष्ठाविरुद्ध असेल तर कुठे जायचे, हे सांगितल्याशिवाय कोणी पुढे येणार नाही. चौकशी संपल्यावर, ओळख पटणार नाही अशा रीतीने, वर्षभरात किती तक्रारी आल्या आणि काय कारवाई झाली, हे सर्व कर्मचाऱ्यांना कळवावे.

कर्मचाऱ्यांची माहिती पाठवताना हात आखडता घ्यावा. पगाराची यादी, आजारपणाचे कारण किंवा शिस्तभंगाचे पत्र चुकीच्या ग्रुपवर जाणे हा सामान्य कार्यालयातही मोठा घोळ असतो. संघर्षग्रस्त प्रदेशात नाव, गाव आणि समाज सांगणारी यादी कोणाच्या जिवावर बेतू शकते. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीच्या माहितीसाठ्यावर झालेला आणि जानेवारी 2022 मध्ये उघड झालेला सायबर हल्ला 5 लाख 15 हजारांहून अधिक असुरक्षित लोकांच्या माहितीपर्यंत पोहोचला होता, तेव्हा आपल्या लॅपटॉपवरची एक्सेल फाईल सुरक्षित आहे असे कोणी गृहीत धरू नये.

पोहोचले का, हे कसे कळते

किती जणांनी ईमेल उघडला हा आकडा फार थोडे सांगतो. महत्त्वाच्या सूचनेनंतर तीन दिवसांनी वेगवेगळ्या तळांवरच्या दहा जणांना फोन करावा आणि ‘सूचना मिळाली का?’ असे न विचारता ‘तुमच्यासाठी काय बदलणार आहे?’ असे विचारावे. दहापैकी चौघांनी चुकीचे सांगितले, तर दोष त्यांचा नाही; मजकूर पुन्हा लिहून पाठवावा आणि आधीची सूचना अस्पष्ट होती हे त्यात मान्य करावे. पर्यवेक्षकांकडे आलेले प्रश्न आठवड्यातून एकदा गोळा करावेत, तीन तळांवरून आलेल्या एकाच प्रश्नाचे उत्तर सर्वांना द्यावे, आणि ज्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आहे, तोही त्या यादीतून वगळू नये.