जुनी स्कूटर घेताय? आधी नाव बदला

विकणारा म्हणतो, “नावाचं बघू नंतर,” आणि आमचे भाऊजी लगेच मान डोलावतात. तुम्ही डोलावू नका. पैसे देतानाच फॉर्म २९ वर (गाडी विकल्याची सूचना) विकणाऱ्याची आणि ३० वर (मालकी बदलाचा अर्ज) दोघांची सही घ्या. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, बँकेच्या कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. मग परिवहनच्या पोर्टलवर अर्ज करा. व्यवहार आरटीओला कळवायला घेणाऱ्याला ३० दिवसांची मुदत असते, विकणाऱ्याला राज्यातल्या राज्यात १४ दिवसांची.

खरी धास्ती विकणाऱ्याने घ्यावी. अपघाताच्या भरपाईत आरसीवरचं नावच मालक धरलं जातं, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलंय. खासगी गाडीला नाव बदलाची नोंद कशाला, असं विचारणाऱ्या भाऊजींना मी हेच ऐकवते. विम्यावरचं नावही लगोलग बदलून घ्या.