फराळाचा पहिला स्टॉल लावताना

दिवाळीआधीच्या प्रदर्शनात, कोथरूडच्या एखाद्या मंगल कार्यालयात, टेबल मिळालं की लगेच फ्लेक्सवाल्याकडे धावू नका. आधी घरी बसून एक वाक्य लिहा: शेजारच्या टेबलावर नसेल असं माझ्याकडे काय आहे? मी पहिल्या वर्षी हे केलं नव्हतं. ऐटीत ‘घरगुती चव, उत्तम दर्जा’ टांगलं आणि मान वळवली, तर त्याच रांगेत आणखी दोन टेबलांवर हेच शब्द. एकीचा तर रंगही तोच, लाल-पिवळा.

दुपारी तीनच्या सुमारास, माशा मारत बसले असताना, मिठाईच्या खोक्याचं झाकण फाडून मार्करने लिहिलं: ‘चकली भाजणीची. मोडून बघा, मग घ्या.’ लोक मोडायला म्हणून थांबायला लागले. तेव्हापासून मोडायच्या चकल्यांचा डबा वेगळा नेते. तो विक्रीच्या हिशेबात धरत नाही. सोबत चिमटा आणि कागदी द्रोण हवेत. वर्तमानपत्राच्या तुकड्यावर नमुना देऊ नका, अन्नसुरक्षेच्या नियमांत ते बसत नाही.

भाजणीचे जिन्नसही मांडा. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, मूग डाळ, धणे, जिरे, सगळं भाजून वेगवेगळ्या वाट्यांत, आणि एका बरणीत आदल्या दिवशी दळलेलं पीठ. झाकण गिऱ्हाइकासमोरच उघडायचं. एखाद्या काकू हमखास विचारतात, ‘तांदूळ किती घेता हो?’ सांगून टाका. ज्यांना घरी करायची त्या करतीलच. बाकीच्या एवढं सगळं ऐकून घेतल्यावर पाव किलो नेतात.

पाटीवर पुणेरी खवचटपणा करायचा मोह होईल, तो आवरा. चितळे बंधूंचं दुकान दुपारी १ ते ४ बंद, हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं की २०१७ मध्ये ते दुपारीही उघडं राहू लागलं तर त्याची बातमी झाली. पण तिथे बाकरवडी होती. आपण ‘उगाच हात लावू नये’ लिहिलं, तर लोक खरोखरच हात लावत नाहीत.

पाकिटावर काय हवं ते ठरलेलं आहे, त्यातलं मुख्य: घटक, निव्वळ वजन, किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, शाकाहाराची हिरवी खूण आणि एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी नंबर. हे सगळं छापलेलं लेबल पाकीट भरण्याआधीच चिकटवा. तेलकट बोट लागलं की ते कडेने उचललं जातं आणि चांगला माल शिळा दिसतो.

क्यूआर कोडच्या दोन प्रती, दहा-वीसच्या नोटा, वायरचा लांब बोर्ड, कात्री. मंगल कार्यालयाच्या तळघरात टेबल असेल तर आदल्या दिवशी जाऊन मोबाइलला रेंज येते का ते बघून या. पैसे अडकले की मागची रांग पांगते.

आणि एक दोनशे पानी वही. नाव, नंबर, काय नेलं, आणि शेवटच्या रकान्यात ते काय बोलले. ‘मेसेज केला तर चालेल ना?’ हे विचारूनच नंबर घ्या. माझ्या वहीत त्या रकान्यात सहा जणींनी ‘तिखट कमी’ सांगितल्याचं लिहिलेलं होतं. दिवाळी झाल्यावर आधी त्यांनाच मेसेज केला.