ट्यूब लावली की रिमोट चालेना: माझा अनुभव
घरी बनवलेला रिमोटचा स्विचबोर्ड अंधारात पाच मीटरवरून चालायचा. इलेक्ट्रॉनिक चोकची ट्यूब लावली की जेमतेम अर्धा मीटर. शिवाय बटण न दाबताच रिले (दिवा चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) मधूनच ‘टक्’ करायचा. रिमोटचे सेल बदलले, रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल पकडणारा भाग) बदलला, फरक शून्य. तीन रविवार गेले, डोकं उठलं.

रिमोटचा इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश ३८ किलोहर्ट्झने, म्हणजे सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकतो. उन्हाचा स्थिर प्रकाश रिसीव्हरमधला ३८ किलोहर्ट्झचा फिल्टर गाळून टाकतो. ट्यूब मात्र त्याच्या आसपासच्याच वेगाने लुकलुकते. असा सततचा गोंगाट दिसला की रिसीव्हर आपणहून गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते प्रमाण) उतरवतो. पल्ला घटतो तो इथे.

आधी सप्लाय बंद केला. सप्लायमधून येणारा गोंगाट गाळायला रिसीव्हरच्या पॉझिटिव्ह वायरमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर टाकला. मग रिसीव्हरच्या पॉझिटिव्ह आणि ग्राउंडमध्ये, अगदी पायांजवळ, ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पायांचा क्रम मॉडेलनुसार बदलतो, डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) बघाच. नंतर रिसीव्हरवर दोन सेंटिमीटरची अॅल्युमिनियम फॉइलची नळी बसवली, तोंड ट्यूबपासून दुसरीकडे वळवून. (काळं प्लास्टिक नको, त्यातलं बरंचसं इन्फ्रारेडला आरपार असतं. मी त्यातच फसलो होतो.) शेवटी स्विचबोर्डमधल्या चिपच्या कोडमध्ये अट घातली: सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा पल्स आणि ४.५ मिलिसेकंदांची गॅप नसेल तर सिग्नल फेकून द्यायचा. माझा रिमोट एनईसी पद्धतीचा (रिमोटच्या सिग्नलची एक ठरलेली रचना) आहे, म्हणून हे आकडे.

आता ट्यूब चालू असताना चार मीटरवरून चालतो. रिले गप्प.