गाणं घरी रेकॉर्ड करताना: कुठला आवाज कुठून आत, कुठे बाहेर

गायक, पेटी, तबला आणि तानपुरा एवढ्यासाठी चार प्रीॲम्प (माइकचा क्षीण आवाज वाढवणारे भाग), मागे दोन लाइन इनपुट आणि दोन हेडफोन जॅक असलेला ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि कॉम्प्युटर यांना जोडणारं यंत्र, पुरतो. वायरी जोडण्याआधी एक कागद घ्या. डावीकडे येणारे आवाज लिहा: १ गायक, २ पेटी, ३ दायाँ, ४ डग्गा, ५-६ तानपुरा. उजवीकडे जाणारे: १-२ स्पीकर, ३-४ गायकाचा हेडफोन, ५-६ तबलजींचा. हेडफोनचे आकडे प्रत्येक यंत्रात वेगळे असतात, ते मॅन्युअलमधून पक्के करून घ्या. हा कागद शेवटपर्यंत समोर राहू द्या. अर्ध्या चुका इथेच पकडल्या जातात.

माइकची जागा ठरवताना ४८ व्होल्टचं, म्हणजे माइकला वायरीतून वीज देणाऱ्या फँटमचं, बटण कसं आहे ते पाहा. बऱ्याच इंटरफेसवर ते दोन-दोन इनपुटना मिळून असतं. म्हणून ही वीज लागणारे कंडेन्सर माइक १-२ वर, ती न लागणारे डायनॅमिक ३-४ वर लावा. चांगल्या वायरीतून डायनॅमिकला फँटमने काही होत नाही, पण जुना रिबन माइक असेल तर त्या जोडीचं फँटम बंदच ठेवा. ते चालू-बंद करताना हेडफोनचा आवाज खाली घ्या, नाहीतर जोराचा ठोका थेट कानात बसतो.

तानपुरा मोबाइलवरून घेणार असाल तर वायर नीट निवडा. मोबाइलचा स्टिरिओ जॅक सरळ एका बॅलन्स्ड इनपुटमध्ये खुपसला की इंटरफेस डाव्या आणि उजव्या आवाजातला फक्त फरक घेतो. तानपुऱ्याच्या ॲपमध्ये दोन्ही बाजू बहुधा सारख्याच असतात, म्हणजे आवाज जवळजवळ नाहीसा होतो, उरतो तो पोकळ खरखराट. एका टोकाला ३.५ मिमी स्टिरिओ आणि दुसऱ्या टोकाला दोन ६.३५ मिमी मोनो जॅक असलेली वाय वायर घ्या. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका.

आता सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा. इंटरफेस, त्याचं कंट्रोल सॉफ्टवेअर आणि रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला प्रोजेक्ट, तिन्हीकडे एकच आकडा हवा, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट. ४४.१ वर घेतलेला आवाज ४८ समजून वाजला तर गाणं नऊ टक्के जलद होतं आणि काळी एकमध्ये गायलेलं पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध जाऊन बसतं. शास्त्रीय गाण्यात ही चूक पहिल्या सुरालाच कळते, पण तोवर टेक गेलेला असतो. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर (इंटरफेस कॉम्प्युटरशी जोडणारं सॉफ्टवेअर) निवडा. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये डिव्हाइसच्या पानावर शेवटचा इनपुट ६ आणि शेवटचा आउटपुट ६ ठेवा. १-२ वरच राहिलं तर बाकीचे चॅनल यादीत दिसतच नाहीत आणि माणूस वायर बदलत बसतो.

खरा वेळ हेडफोनच्या मिक्सला द्या. कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक हेडफोनला स्वतःचा मिक्स जोडा. गायकाला स्वतःचा आवाज आणि तानपुरा वर, पेटी थोडी खाली, तबला ठेका कळेल इतकाच. तबलजींना गायक आणि तानपुरा. तबला त्यांना समोरच ऐकू येतो. मग रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधलं प्रत्येक ट्रॅकचं इनपुट मॉनिटरिंग (आत येणारा आवाज तिथूनच परत ऐकवणं) बंद करा. हे विसरणं ही सर्वात नेहमीची चूक. एकच आवाज दोन वाटांनी कानात येतो, एक इंटरफेसमधून लगेच, दुसरा कॉम्प्युटरमधून फिरून. ४८ वर १२८ सॅम्पलचा बफर (कॉम्प्युटर एका वेळी साठवून घेतो तेवढा आवाज) म्हणजे एका दिशेने २.७ मिलिसेकंद, जाणं-येणं आणि ड्रायव्हरचा राखीव वेळ धरून तो फरक सहज दुप्पट-तिप्पट होतो. गायक म्हणतो, ‘आवाज नळातून आल्यासारखा वाटतोय.’ माइक निर्दोष असतो.

तानपुरा फाइलमधून वाजवायचा असेल तर त्या ट्रॅकचा मास्टर सेंड (मुख्य मिक्सकडे जाणारी वाट) काढा आणि हार्डवेअर आउटपुट ३-४ आणि ५-६ जोडा. मात्र हे आउटपुट सॉफ्टवेअरमधून येणारे प्लेबॅक चॅनल म्हणून त्या-त्या मिक्समध्ये घ्यायला विसरू नका, नाहीतर मीटर हलतो आणि कानात शांतता. लूपबॅक, म्हणजे कॉम्प्युटरमधून बाहेर जाणारा आवाज पुन्हा इनपुट म्हणून आत घेणं, बंदच ठेवा. तो चालू राहून आत आलेला आवाज ऐकवणारा ट्रॅक मास्टरलाही जात असेल तर आवाज फिरत फिरत किंचाळायला लागतो.

गेन लावताना गायकाला तार षड्जापर्यंत पूर्ण गळ्याने गायला सांगा आणि सर्वोच्च पातळी मीटरवर −१२ डेसिबलच्या आसपास ठेवा. तबल्याला आणखी थोडी मोकळीक द्या. ‘ना’ची टोकदार पातळी अंदाजापेक्षा वरच जाते. लाइन इनपुटवर ‘इन्स्ट’ (गिटारसारख्या वाद्यासाठीचं) बटण दाबलेलं नाही ना, ते पाहा. दाबलेलं असलं तर तानपुरा फाटतो.

हेडफोन बंद कपांचे हवेत, स्पीकर म्यूट. आता तीस सेकंदांचा टेक घ्या आणि गायकाचा ट्रॅक एकटा ऐका. त्यात तानपुरा ऐकू आला तर तो हेडफोनमधून माइकमध्ये गळतोय. त्याची पातळी उतरवा. मग चारही माइकवर एकेक टिचकी मारून कागदावरचा आकडा आणि पडद्यावरचा ट्रॅक जुळवा. जुळलं की कंट्रोल सॉफ्टवेअरचं सेटिंग रागाच्या आणि पट्टीच्या नावाने सेव्ह करा.