फायटर मासा पाळताय? या चुका टाळा

फायटर, म्हणजेच बेटा, हा दुकानात सगळ्यात लहान भांड्यात ठेवलेला मासा. बाकीचे मासे पंप लावलेल्या टाक्यांत आणि हा प्लास्टिकच्या ग्लासात, नाहीतर पिशवीत. ते बघून घेणाऱ्याची समजूत होते की याला जागा लागत नाही, फिल्टर लागत नाही, काळजीही फारशी लागत नाही. काही महिन्यांत मासा मरतो. ‘यांचं आयुष्यच तेवढं’ असं म्हणून दुसरा आणला जातो. प्रत्यक्षात नीट ठेवलेला बेटा २ ते ४ वर्षं जगतो, काही त्याहूनही जास्त. हे आयुष्य घटतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळे.

बेटाच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूला, लॅबिरिंथ नावाचा एक अवयव असतो. वर येऊन तोंडाने हवा घ्यायची आणि त्यातला ऑक्सिजन थेट रक्तात घ्यायचा, अशी ती सोय आहे. हा मासा मूळचा थायलंड आणि त्या परिसरातला. भातखाचरं, दलदल, गवताळ ओढे अशा उथळ, कोमट, ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यात तो या अवयवाच्या बळावर टिकतो. पण लॅबिरिंथमुळे प्रश्न सुटतो तो ऑक्सिजनचा. अमोनियाचा नाही. घाण पाण्यात दुसरा मासा लवकर गुदमरतो आणि आपल्याला चूक कळते. बेटा मात्र वर येऊन श्वास घेत राहतो आणि त्याच वेळी त्याचे कल्ले, त्वचा, पर हळूहळू भाजत असतात. तो जिवंत आहे म्हणजे तो ठीक आहे असं धरून चालणं, ही सगळ्यात मोठी चूक. पुढच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच येतात.

गोल बाऊल, फुलदाणी आणि डबकं

‘हा मासा जंगलात डबक्यातच राहतो’ हे वाक्य दुकानात हमखास ऐकायला मिळतं. थायलंडमधलं भाताचं शेत उथळ असतं हे खरं, पण ते पसरलेलं असतं. त्यात झाडझाडोरा असतो, पाणी बदलत असतं आणि नराला स्वतःची हद्द राखता येते. उन्हाळ्यात पाणी आटून मासे डबक्यात अडकतात, ते पुन्हा पाऊस येईपर्यंत कसंबसं तग धरण्यासाठी. त्या दिवसांना त्याचं घर समजू नये.

कमीत कमी १० लिटर पाणी हवं आणि २० लिटर असेल तर तुमचंच काम सोपं होतं. पाणी जितकं जास्त, तितका त्यातला बिघाड सावकाश होतो आणि तो लक्षात यायला तुम्हाला वेळ मिळतो. दीड फूट लांब, १० इंच रुंद आणि १० इंच उंच अशी काचेची पेटी करून घेतली, वरचे दोन इंच रिकामे ठेवले आणि वाळूची जागा वगळली, तर साधारण २१ लिटर पाणी मावतं. पेटी उंच घेण्यापेक्षा लांब घ्या. बेटाला सारखं वर यावं लागतं आणि हाफमूनसारख्या लांब शेपटीच्या नराला खोल पाण्यातून वर येताना दम लागतो.

मनी प्लांटच्या काचेच्या फुलदाणीत बेटा ठेवायची पद्धत बैठकीच्या खोलीत छान दिसते. तो झाडाची मुळं खाऊन जगतो असं सांगितलं जातं, ते साफ चूक आहे. बेटा मांसाहारी आहे. निसर्गात तो किडे, डासांच्या अळ्या, पाण्यातले बारीक जीव खातो. मनी प्लांटची मुळं पेटीत सोडायला काहीच हरकत नाही, ती नायट्रेट शोषून घेतात. पण पाण्याचा वरचा भाग मुळांनी आणि पानांनी झाकला गेला, तर माशाला श्वासासाठी वर यायला जागाच उरत नाही.

झाकण हवंच, कारण बेटा उडी मारतो. मात्र पाणी झाकणाला टेकेल इतकं भरू नका. मधल्या रिकाम्या जागेतली दमट, कोमट हवाच तो घेतो.

नव्या पेटीत त्याच दिवशी मासा

पेटी, वाळू, मासा, सगळं एकाच रविवारी आणायचं आणि संध्याकाळपर्यंत मासा आत सोडायचा, असंच बहुतेक घरांत होतं. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असतं, त्यामुळे शंका येत नाही. अमोनियाला रंग नसतो.

माशाच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो. विष्ठा आणि उरलेले दाणे कुजले की त्यात भर पडते. फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, झाडांवर वाढणारे काही जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, तर दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी. नायट्रेट त्यामानाने सौम्य असतं आणि पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. ॲक्वेरियमवाले याला ‘टँक सायकल होणं’ म्हणतात.

मासा आधीच आणला असेल तर घाबरून जाऊ नका. अमोनिया आणि नायट्राइट मोजणारं टेस्ट किट घ्या. बेटासाठी करायच्या खर्चात हा खर्च मला पेटीइतकाच आवश्यक वाटतो. सुरुवातीचे आठवडे रोज मोजा. दोन्हींपैकी काहीही लिटरला ०.२५ मिलिग्रॅमच्या वर गेलं, तर चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा पाणी बदला. ओळखीच्या कुणाकडे निरोगी, जुनी पेटी असेल तर तिच्यातल्या वापरलेल्या स्पंजचा तुकडा मागून आणा आणि ओला असतानाच आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. याने हे आठवडे बरेच कमी होतात.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो आणि त्यातलं एकच जास्त घातक. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ७ असेल आणि तापमान २५ अंश, तर घातक रूपाचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असतं. सामू ८ झाला की तेच सुमारे ५ टक्क्यांवर जातं. म्हणजे किटवरचा आकडा तोच, पण मासा जास्त धोक्यात. यावर उपाय म्हणून निव्वळ आरओचं पाणी घालू नका. त्यात क्षार जवळपास नसतात आणि सामू स्थिर राहत नाही. बोअरच्या पाण्यात थोडं आरओ मिसळणं चालतं, पण प्रमाण रोज बदलू नका. ६.५ ते ७.५ सामू उत्तम; तरी नेमका आकडा गाठण्यापेक्षा तो स्थिर ठेवणं महत्त्वाचं.

‘स्वच्छता’ करताना

दर रविवारी मासा ग्लासात काढायचा, पेटी रिकामी करायची, वाळू नळाखाली चोळून धुवायची, नवं पाणी भरायचं. ही मेहनत मनापासून केलेली असते, म्हणूनच सांगायला वाईट वाटतं की तिने नुकसान होतं. जिवाणूंची वसाहत धुतली जाते आणि माशाला तापमान, सामू, क्षार, सगळ्याचा एकदम धक्का बसतो. त्यापेक्षा आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी काढा. बारीक नळीने वाळूवरची घाण ओढून घ्या आणि त्याच तापमानाचं पाणी सावकाश भरा. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका. काढलेल्या पाण्यातच दोन-तीनदा पिळा.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की त्याचा डोस वाढवला जातो, त्यामुळे वर्षभर चाललेली पद्धत जुलैत अचानक फसते. पाणी दिवसभर उघडं ठेवलं तर क्लोरीन उडून जातो, पण काही ठिकाणी वापरला जाणारा क्लोरामाइन असा जात नाही. दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन बाटलीवरच्या प्रमाणात घालणं हा खात्रीचा मार्ग.

फिल्टरची गरज नाही असं म्हणणारे लॅबिरिंथकडे बोट दाखवतात. फिल्टर इथे हवेसाठी नसतो, जिवाणूंना बसायला जागा म्हणून असतो. लहान पंपावर चालणारा स्पंज फिल्टर पुरतो. प्रवाह मंद ठेवा. पेटीत मासा ढकलला जात असेल, सतत एकाच कोपऱ्यात जाऊन बसत असेल, तर हवेच्या नळीवर छोटा व्हॉल्व्ह लावून जोर कमी करा.

डिसेंबर आणि मे

बेटाला २४ ते २८ अंश सेल्सिअस पाणी लागतं. मुंबईत, कोकणात, गोव्यात बरेच महिने हे आपोआप सांभाळलं जातं. पुणे, नाशिक, विदर्भात थंडीच्या रात्री पाणी २० अंशांच्या खाली जातं. अशा वेळी मासा तळाशी पडून राहतो, खात नाही, पर मिटलेले दिसतात. लोक त्याला आजारी समजून औषध घालतात. आधी थर्मामीटर बघा. २० लिटरला थर्मोस्टॅट असलेला २५ ते ५० वॅटचा हीटर पुरेसा आहे. पाणी काढण्याआधी त्याचा प्लग काढायला विसरू नका, कोरडा तापलेला हीटर तडकतो. थंड पडलेलं पाणी दोन अंशांनी, मग आणखी दोन अंशांनी असं वाढवत न्या.

उन्हाळ्यात उलट. खिडकीतल्या उन्हातली पेटी हलवा, झाकण जाळीचं करा, पाण्यावर टेबल फॅनचा वारा येऊ द्या. बर्फ टाकू नका.

खाणं

मासा जवळ आला की त्याला भूक लागली असं वाटतं. बेटा माणूस ओळखायला शिकतो आणि तुम्ही दिसलात की दरवेळी पुढे येतो, पोट भरलेलं असलं तरी. त्याला बारीक पेलेटचे २ ते ४ दाणे सकाळी, तेवढेच संध्याकाळी. आठवड्यातून एक दिवस उपास. पाकिटावरच्या पहिल्या घटकांत मासे, कोळंबी किंवा किड्यांचं प्रथिन असावं, गव्हाचं पीठ नव्हे. अधूनमधून गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा डाफ्निया (पाण्यातले बारीक जीव) द्या. जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे बारीक लाल किडे, मी टाळायला सांगेन, ते घाण पाण्यात वाढतात आणि रोग सोबत आणतात. पोट फुगलं तर दोन दिवस काहीच देऊ नका. उकडलेला वाटाणा द्यायचा सल्ला सर्रास दिला जातो, पण मांसाहारी माशाला तो नीट पचत नाही. डाफ्निया बरा.

डासांच्या अळ्या त्याला फार आवडतात. पण त्यासाठी गॅलरीत बादली भरून ठेवू नका. डेंग्यू पसरवणारा डास घरातल्या अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो.

औषधाची बाटली नंतर

शेपटी झिजली, मासा मलूल झाला की पहिला फोन दुकानदाराला जातो आणि निळं औषध घरी येतं. ते मेथिलीन ब्लू. थेट पेटीत घातलं तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरू शकतात, अमोनिया चढतो आणि अर्धवट आजारी मासा पूर्ण आजारी पडतो. क्रम असा ठेवा: तापमान मोजा, अमोनिया-नायट्राइट मोजा, चौथा हिस्सा पाणी बदला. पुढचे काही दिवस रोज थोडं पाणी बदलत राहा. पर झिजण्याच्या बऱ्याचशा तक्रारी एवढ्यानेच थांबतात आणि कडेला पारदर्शक, नवा पडदा येताना दिसतो.

शेपटी बघायचीही रीत आहे. कडा काळसर किंवा लाल, हळूहळू आत सरकणारी झीज, म्हणजे फिन रॉट. रात्रीत अर्धगोल तुकडा गायब, कड स्वच्छ, म्हणजे माशाने स्वतःच चावा घेतलेला असू शकतो. जड शेपटीचे नर कंटाळून किंवा तणावाखाली असं करतात. तिथे औषधाचा काय उपयोग? लपायला झाडं द्या, प्रवाह कमी करा. प्लास्टिकचं टोकदार झाड असेल तर ते काढून जावा फर्न किंवा अनुबियास अशी पाण्यातली खरी झाडं लावा. मिठाच्या खड्यांसारखे पांढरे ठिपके दिसले तर इक. टॉर्चच्या उजेडात अंगावर सोनेरी भुकटी चमकली तर व्हेल्व्हेट. हे दोन्ही परजीवी आहेत आणि इथे औषध खरोखर लागतं, वेळ न घालवता. खवले पाइनच्या फळासारखे उभे राहिले तर शरीरात पाणी साठलंय, त्यातून मासा क्वचितच वाचतो. त्या अवस्थेत त्याच्यावर एकामागून एक औषधांचा मारा करू नका.

मीठ सतत घालून ठेवायची गरज नाही. पाणी उडतं, मीठ उडत नाही, त्यामुळे ते साठत जातं. उपचार म्हणून वेगळ्या भांड्यात लिटरला १ ते २ ग्रॅम, तेही १० दिवसांच्या आत.

एक स्वस्त मदत आपल्या रस्त्यांवरच पडलेली असते: देशी बदामाचं पान. मुंबई-कोकण-गोव्यात ही झाडं जागोजाग आहेत. आपोआप गळलेलं, लालसर-तपकिरी, वाळलेलं पान घ्या. कीटकनाशक फवारलेल्या बागेतलं किंवा वाहत्या गटाराकाठचं नको. धुऊन १० लिटरला एक मध्यम पान सोडा. पाण्याला चहासारखा रंग येतो, सामू थोडा उतरू शकतो. त्यातल्या टॅनिनमुळे बुरशी आणि जिवाणूंना थोडा आळा बसतो. घाण पाण्यावर मात्र हे उत्तर नव्हे.

काही गोष्टी आजार नसतातच. मार्बल किंवा कोई जातीच्या बेटाचा रंग वर्षभर बदलत राहतो, ते त्याच्या जनुकांमुळे. पाण्यावर फेसाचं घरटं दिसलं तर नर वयात आलाय एवढंच. पाणी वाईट असतानाही तो घरटं बांधतो, म्हणून त्यावरून निर्धास्त होऊ नका.

सोबती आणि आरसा

दोन नर एका पेटीत नकोत. नर-मादीही कायम एकत्र नकोत. गप्पीची रंगीत शेपटी बघून बेटा तिच्या मागे लागतो आणि टायगर बार्ब बेटाचीच शेपटी कुरतडतात. गोल्डफिशला थंड पाणी लागतं आणि तो घाणही खूप करतो. २० लिटरच्या पेटीत बेटा एकटा आणि सोबत एखादी गोगलगाय, हे पुरे. त्याला एकटेपणा वाटत नाही. आरसा दाखवायचा असेल तर मिनिटभर दाखवा आणि काढून घ्या. काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसून तो दिवसभर पर फुलवत असेल तर पेटीच्या मागच्या बाजूला कागद लावा आणि खोलीत थोडा उजेड ठेवा.

गणपतीला गावी जाताना शेजाऱ्यांना दाण्यांची बाटली देऊन जाऊ नका. प्रेमाने घातलेले मूठभर दाणे चार दिवसांत पाणी नासवतात. निरोगी, मोठा बेटा पाच दिवस काही न खाता सहज राहतो. निघण्याच्या आदल्या दिवशी चौथा हिस्सा पाणी बदला, दिव्याला टायमर लावा, फिल्टर चालू ठेवा. त्याहून जास्त दिवस जाणार असाल तर एकेका वेळचे दाणे कागदाच्या पुड्यांत बांधून त्यावर वार लिहा आणि बाटली कपाटात ठेवा.